चुगलीवेल

अकराव्या दिवशी माझा आकडा एकतीस आला. दहाव्या दिवशी चौतीस होता. म्हणजे रोज चाळीस मिनिटं बाल्कनीत बसून, झाडांकडे बघत, लांब श्वास घेत मी दिवसेंदिवस जास्तच अशांत होत चालले होते, आणि तेही सरकारी देखरेखीखाली.

बाल्कनी म्हणजे सहा बाय चार. त्यात वॉशिंग मशीन, रिकामा सिलिंडर, कपडे वाळत घालायचा स्टँड, आणि उरलेल्या जागेत नऊ कुंड्या. नऊच का, तर सरकारी कार्यालयाकडून येणाऱ्या 'शांतिसंचा'त नऊच असतात. कोथिंबीर, मेथी, पुदिना, गवती चहा, कढीपत्ता, सदाफुली, गुलाब, एक कसलंसं नेचं, आणि नववी ती. कागदोपत्री तिचं नाव मौनवेल. शहरात सगळे तिला चुगलीवेल म्हणतात.

मी शहराच्या मदत कक्षात फोन घेते. म्हणजे घेत होते, एकोणीस वर्षं. आग लागली, कोणी जिन्यावरून पडलं, कोणाच्या छातीत दुखायला लागलं की लोक आम्हाला फोन लावतात. आता पहिला फोन यंत्रच उचलतं, पत्ताही तेच शोधतं, गाडीही तेच पाठवतं. पण गाडी पोचेपर्यंतची जी सात-आठ मिनिटं असतात, तेवढ्यात माणसाला माणूस लागतं. ते यंत्राला अजून जमलेलं नाही, म्हणून आम्ही चौदा जणी उरलोय.

त्या चौदांतून माझी तेरावी खुर्ची रिकामी झाली ती एका माणसामुळे. त्याचे वडील जेवता जेवता कोसळले होते आणि तो फोनवर नुसता रडत होता. मी समजावलं, गोड बोलले, नाव घेऊन हाक मारली. काही उपयोग नाही. शेवटी मी त्याच्यावर ओरडले, की रडायचं ते नंतर रड, आधी छातीवर दाब आणि माझ्याबरोबर मोज. त्याने मोजलं. वडील जगले. पण आमच्या कानातल्या यंत्रात एक स्वरमापक असतो, त्याच्याकडे वडील जगल्याचा रकाना नाही. त्याने माझ्या आवाजाची त्या महिन्यातली तिसरी लाल नोंद केली.

तीन लाल नोंदी झाल्या की पंचेचाळीस दिवसांची सक्तीची विश्रांती. तेवढ्यात सलग सात दिवस वेलीचा आकडा साठाच्या वर राहिला तर खुर्ची परत मिळते. नाही राहिला तर जन्म-मृत्यूच्या नोंदणी विभागात कायमची बदली. तिथे काम काही वाईट नाही, पण तिथे माणसं सगळं होऊन गेल्यावर येतात. मला ती सगळं होऊन जायच्या आधी हवी होती.

वेल बसवायला फरहाना शेख आली होती. वय तिशीचं, वनस्पतिशास्त्र शिकलेली, पाठीला सॅक, आणि एकच गोष्ट चौदाशे घरांत समजावून सांगितल्याचा एक गोड थकवा. चौदाशे वेलींची ती एकटी तपासनीस. मी तिला विचारलं, की झाडाला माझ्या डोक्यातलं कसं कळणार?

डोक्यातलं कळत नाही, म्हणाली, वास कळतो. माणूस ताणाखाली आला की त्याच्या घामाचा आणि श्वासाचा वास बदलतो. आपल्या नाकाला पत्ता लागत नाही, कुत्र्याला लागतो. हवेत काही बारीक रेणू जास्त सुटतात, एवढंच. शास्त्रज्ञांनी साध्या मनीप्लांटच्या पेशींत दोन गोष्टी घातल्या. एक, हे रेणू पकडणारा सापळा. दुसरी, निळा उजेड पडला की हिरवं चमकणारं एक प्रथिन. सापळा रिकामा असेल तोवर पान हे प्रथिन भरपूर बनवतं. सापळ्यात रेणू अडकले की बनवणं थांबतं, आणि आधी बनलेलं काही मिनिटांत विरून जातं. थोडक्यात, शांत माणूस शेजारी बसला तर वेल उजळ, चिडलेलं बसलं तर मंद.

हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी कुंडीच्या काठाला टिकलीएवढा निळा दिवा होता आणि त्याला चिकटून तेवढीच एक काच. पानांवरून किती हिरवा उजेड परत येतो ते काच मोजायची आणि शंभरापैकी एक आकडा मलाही दाखवायची, कार्यालयालाही कळवायची.

"म्हणजे चुगलीच की," मी म्हटलं.

"चुगली नाही, ताई. ती फक्त तुमच्या बाजूला उभी असते."

हेही तिने चौदाशे वेळा म्हटलेलं असणार.

तिने नियम सांगितले. सकाळी सात ते सात चाळीस बसायचं. जवळ दुसरं कोणी नको. फोन आत ठेवायचा. आणि पानं रोज पुसायची, कारण धूळ बसली की उजेड अडतो. झाडांमध्ये बसलं की आपोआप बरं वाटतं, असं जाताना म्हणाली.

मला झाडांचं वावडं नाही. पण शांत हो म्हटल्याने कोणी शांत झाल्याचं मी एकोणीस वर्षांत ऐकलेलं नाही. मी सातला खुर्चीत बसायची आणि नेमक्या त्याच वेळी वरच्या मजल्यावरच्या कुलथेबाई चादरी वाळत घालायच्या. पाणी टपटप माझ्या मानेवर. मेथीला दोन पानं फुटली ती कबुतरांनी खाल्ली. कोथिंबीर वीतभर वाढली आणि पानं धरायच्या आधीच फुलावर आली. गुलाबावर पिठ्या ढेकूण पडला. कापसाच्या बोळ्याला साबणाचं पाणी लावून मी तो एकेक करून काढायची आणि दुसऱ्या दिवशी तो आपल्या नातेवाइकांना घेऊन परत यायचा. ह्या सगळ्याच्या मधोमध निळा डोळा रोखून ती वेल. आपण चिडलोय हे आपल्याला ठाऊक असणं वेगळं आणि त्याचा आकडा समोर दिसणं वेगळं. आकडा दिसला की मी आणखी चिडायची, मग आकडा आणखी खाली यायचा.

एकदा पानं पुसायला गेले आणि दोन पानं देठासकट हातात आली. त्या दिवसापासून पुसायचं काम आईंनी आपल्याकडे घेतलं. मी उठायच्या आधीच करून ठेवायच्या.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. निर्मला नाव, वय अठ्ठ्याहत्तर, प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षं शिकवून निवृत्त. आमचं दोघींचं चोवीस वर्षांचं रोजचं भांडण होतं. मोठं काही नाही. फोडणीत आधी हिंग की आधी कढीपत्ता, खिडकी उघडी की बंद, मी दार आपटलं की ते वाऱ्याने आपटलं. त्या भांडणावर आमचा दिवस चालायचा, चहावर चालतो तसा.

वेल आली आणि घर मुकं झालं. माझा नवरा धनंजय एका कारखान्यात पहाटेच्या पाळीला जातो. तो बूट हातात घेऊन दाराबाहेर जाऊन घालायला लागला. मिक्सर लावायचा तर भांडं घेऊन कुलथेबाईंकडे जायचा आणि चटणी वाटून आणायचा. कामावर काय चाललंय हे मी विचारलं की म्हणायचा, सगळं मस्त. पंधरा वर्षांत त्याच्या कारखान्यात कधी सगळं मस्त नव्हतं. त्याने मला नुसतं सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.

आणि आई. एका दुपारी मी मुद्दाम आमटीत गूळ जास्त घातला. त्यांनी एक घास खाल्ला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, तू म्हणशील तसं. चोवीस वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आकडा सव्वीस.

पस्तिसाव्या दिवशी बावीस आला. दहा दिवस उरले होते. मी खुर्चीतून उठले, बादली भरली आणि नऊच्या नऊ कुंड्यांत ओतली. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. झाडांना पाणी घालतात तसं नाही. कोणाच्या तरी अंगावर फेकावं तसं. कुंड्यांच्या बुडातून गढूळ पाणी निघालं आणि फरशीभर पसरलं. ते तसंच टाकून मी आत जाऊन उताणी पडले.

छत्तिसाव्या दिवशी तेवीस. सदतिसाव्या दिवशी चौऱ्याहत्तर.

मी काचेवर बोट फिरवलं. चौऱ्याहत्तरच. त्या सकाळी मी काही वेगळं केलं नव्हतं; उलट कुलथेबाईंच्या चादरीवरून मनातल्या मनात एक अख्खा खटला चालवून त्यांना शिक्षाही सुनावली होती. पण आकडा म्हणाला शांत, आणि आकड्यावर माझा महिनाभरात असा काही विश्वास बसला होता की मला वाटलं, असेल. हीच शांतता असेल. आपल्याला कधी ठाऊकच नव्हती, म्हणून ओळखता आली नाही.

अडतिसाव्या दिवशी एक्याऐंशी. मग एकोणऐंशी, मग पंच्याऐंशी. मी आवाज खाली आणून बोलायला लागले. कुलथेबाई जिन्यात भेटल्या तर त्यांना म्हटलं, चादरी घाला हो निवांत, पाण्याने कोणी मरत नाही. धनंजयला म्हटलं, रागावून काय मिळतं. तो हळूच म्हणाला, की कपाळाला हात लावून बघू का?

त्या दिवसांत आई भाकरी करेनाशा झाल्या होत्या. दात दुखतात म्हणाल्या, भात बरा. शाल अंगावरून काढत नव्हत्या. थंडी आहे म्हणाल्या, आणि डिसेंबर होताच. मी दोन्ही कारणं शांतपणे मान्य केली. शांत माणसं फार चौकशी करत नाहीत.

त्रेचाळिसावा दिवस हा सातवा दिवस होता. नियमाप्रमाणे सातव्या दिवसाची बैठक तपासनिसासमोर व्हावी लागते, म्हणून फरहाना अकरा वाजता येणार होती. त्या बैठकीला मी नसले तर आधीचे सहा दिवस बाद, आणि नव्याने सात मोजायला दिवस उरलेच नव्हते. धनंजय पहाटेच कामाला गेला. मला लग्नाच्या दिवशी आली नव्हती अशी जाग सहा वाजता आली. म्हटलं, आज निदान वेलीला नमस्कार करू.

आई बाल्कनीत होत्या. पाठमोऱ्या. शाल खांद्यावरून खाली घसरलेली. डाव्या हाताने पान उचलून धरत होत्या आणि उजव्या हाताच्या बोटांनी पुसत होत्या. प्रत्येक पानाला त्यांचा खांदा वर जात होता आणि तोंडातून एक बारीक आवाज येत होता. तो आवाज मी ओळखते. दिवसातून वीसदा ऐकलेला आवाज आहे तो. फोनवर माणसं आधी तोच काढतात, मग बोलतात.

उजवा हात कोपरापर्यंत पिवळाधमक होता आणि मनगट दुप्पट झालं होतं. हळद-तेलाचा लेप. रात्री लावलेला, अजून न धुतलेला.

"कधी पडलात?"

त्या दचकल्या. "पडले कुठे? मुरगळलाय जरासा."

"आई, कधी?"

"आठ दिवस झाले."

मी त्यांना खुर्चीत बसवलं. बोटं हलवायला सांगितली. चार हलली, अंगठा अडला. नखं दाबून बघितली, रंग परत आला. मुंग्या येतात का, दुसरं कुठे लागलं का, डोकं आपटलं का, सगळं विचारलं. भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याची जाड घडी केली, मनगटाखाली ठेवली, रुमालाने बांधली आणि माझ्या ओढणीची झोळी करून हात गळ्यात अडकवला. मग गाडीची किल्ली शोधली. ह्या सगळ्याला चार मिनिटं लागली असतील. आई म्हणत होत्या, अगं ती अकराला येणार आहे, सव्वाअकराला जाऊ, आठ दिवस थांबले तिथे आणखी पाच तासांनी काय होतंय. मी त्यांच्या पायात चपला घातल्या आणि लिफ्टचं बटण दाबलं.

गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेर पडली आणि मग माझा आवाज चढला. पहिल्या सिग्नलपासून तिसऱ्या सिग्नलपर्यंत मी थांबलेच नाही. परक्या लोकांच्या श्वासावरून मला कळतं ते कितव्या मजल्यावर आहेत, आणि माझ्याच घरात हाड मोडून माणूस भात खातंय. काय समजता तुम्ही स्वतःला. छत्तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलंत ते काय झालं. आईंनी समोर बघत सगळं ऐकून घेतलं. तिसऱ्या सिग्नलला मी विचारलं, की पडलात तरी कुठे?

"बाल्कनीत. पाणी होतं."

सिग्नल हिरवा झाला. मागचा हॉर्न वाजवायला लागला.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी म्हटलं. आवाज आता माझाच मला ऐकू येत नव्हता.

"सांगून काय झालं असतं? तुला वाईट वाटलं असतं. आकडा आणखी खाली गेला असता. तुला ती खुर्ची हवी होती."

दवाखान्यात साडेसहाला पोचलो. हाडांचे डॉक्टर साडेदहाला येतात, असं काउंटरवर सांगितलं. तोवर बाकावर बसलो. फोटो निघाला, फोटोवर डॉक्टरांची सही राहिली. दहाला आई म्हणाल्या, तू जा, गाडी काढ, चाळीस मिनिटं बसून परत ये, मी काय लहान आहे का? त्या खरंच लहान दिसत होत्या. कॅलेंडरच्या घडीवर हात ठेवून, पाय जमिनीला जेमतेम टेकलेले. उठून जाण्यासारखं होतं. वीस मिनिटांचा रस्ता. मी पर्स उचललीसुद्धा.

मग खाली ठेवली. मला पुण्य लागावं म्हणून नाही. मला ती खुर्ची हवी होती ती काय करायला, हे त्या बाकावर बसून मला दुसऱ्या कोणत्याच शब्दांत सांगता आलं नसतं. दुखत असलेल्या माणसाजवळ गाडी येईपर्यंत थांबायचं, एवढंच तर ते काम.

कुलथेबाईंकडे आमची एक किल्ली असते. त्यांनीच फरहानाला दार उघडून दिलं, आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी तिचा फोन आला. ती बाल्कनीत उभी होती. ताई, तुम्ही कुठे आहात, सहा दिवसांची सरासरी ऐंशी आहे, मी चौदाशेंत अशी चढती रेघ पाहिली नाही. मी काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, की मी थोडं थांबते, आणि नाहीच जमलं तर, बघा, तुम्ही हजर होतात असं मी लिहू शकते. शेवटी आकडे चांगलेच आहेत.

समोर परिचारिका आईंच्या हातावरचा लेप स्पिरिटच्या बोळ्याने पुसत होती. बोळा पिवळा झाला की दुसरा घ्यायची. तिसरा बोळा पिवळा होताना मी बघत होते, आणि मला दिवस आठवले. त्या पडल्या पस्तिसाव्या दिवशी. छत्तीसला सूज आली असेल. त्या रात्री लेप लावला असेल. सदतीसला सकाळी पानं पुसली. आणि सदतीसला चौऱ्याहत्तर.

मी फरहानाला विचारलं, वेल बसवताना पानांवर मारून बघितलीस ती निळी बॅटरी तुझ्याकडे असते ना? असते, म्हणाली. आणि निळा उजेड गाळणारा तो पिवळा चष्मा? तोही होता. म्हटलं, जरा पानांवर मारून बघ आणि काय दिसतं ते सांग.

बराच वेळ फोनमधून फक्त कबुतरं ऐकू आली.

"ताई," ती म्हणाली, "पानावर बोटं आहेत. पाच. चमकताहेत."

मग तिनेच समजावलं, अर्धं मला, अर्धं स्वतःला. हळदीतला जो पिवळा रंग असतो, त्याच्यावर निळा उजेड पडला की तोही हिरवट चमकतो. तेलात कालवला की आणखी. वेलीच्या प्रथिनाची चमक आणि ही चमक इतकी शेजारी-शेजारी, की त्या टिकलीएवढ्या काचेला फरक कळणं शक्यच नव्हतं. आणि वेलीची पानं मुळातच पिवळ्या फटकाऱ्यांची, त्यामुळे माणसाच्या डोळ्यांनाही नाही. आठवडाभर काच माझा आकडा सांगतच नव्हती. ती आईंच्या मनगटाचं दुखणं मोजत होती, आणि ते वाढेल तशी मी शांत ठरत होते.

"शुक्रवारी," फरहाना मध्येच म्हणाली आणि थांबली.

"काय शुक्रवारी?"

शुक्रवारी शहराचा आकडा नेहमी चढतो, म्हणाली. पाच वर्षं चढतोय. तिच्या साहेबांनी त्यावर परिषदेत निबंध वाचलाय, की श्रद्धेच्या दिवशी शहर शांत असतं. चौदाशे घरांतल्या किती घरांत बायका शुक्रवारी तुळशीबरोबर ह्या वेलीलाही हळद-कुंकू वाहतात, हे कोणी विचारलं नव्हतं. ज्या देशात झाडाला पाणी घालायच्या आधी हळद लागते, त्या देशासाठी असं यंत्र बनवताना एकालाही स्वयंपाकघरात डोकवावंसं वाटलं नाही.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. पाच वर्षं ह्या आकड्यांवर माणसं खुर्चीत बसवली होती आणि खुर्चीतून उठवली होती.

"ताई, मी हे लिहिलं तर आजचा तुमचा आकडा शून्य धरतील. सहाही दिवस रद्द." ती अगदी हळू बोलत होती. "नाही लिहिलं तर सोमवारी तुम्ही खुर्चीत. तुम्ही त्या कामाला लायक आहात, हे मला वेलीवाचून दिसतंय. मी पान पुसून टाकते. आपण दोघींनी काही बघितलं नाही."

तिच्या दयेचं मला काय करावं ते कळेना. हो म्हणायला एक श्वास पुरला असता. पण माझ्याबरोबरच्या तेरा जणींत एखादी खरंच मोडत आलेली असेल, हळदीच्या जोरावर शांत ठरून रोज फोन उचलत असेल, आणि पलीकडे कोणाचे तरी वडील. आणि एखादी धडधाकट बाई, घरात हळद-कुंकू न वाहणारी, आज नोंदणी विभागात मृत्यूचे दाखले देत बसली असेल.

"लिही," मी म्हटलं. "पाच बोटांचा फोटोही जोड."

मनगटाच्या हाडाला बारीक चीर होती. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टरांनी विचारलं, की आठ दिवस घरात कोणाच्या लक्षात आलं नाही का? आई म्हणाल्या, माझी सून जरा कामात होती.

पंचेचाळिसाव्या दिवशी दोन टपालं आली. एक बदलीचा हुकूम, नोंदणी विभाग, पुढच्या सोमवारपासून. दुसरं फरहानाच्या खात्याकडून, की शहरातल्या सर्व मौनवेलींची तपासणी होईपर्यंत कोणाला हरकत असल्यास सोबतच्या अर्जावर नोंदवावी. शहरात सगळं हवेतून होतं, हरकत मात्र अजून कागदावरच घेतात. अर्ज आजच द्यायचा होता.

आईंना ऊन हवं होतं म्हणून आम्ही बाल्कनीत बसलो. वेलीचा दिवा फरहानाने काळ्या चिकटपट्टीने बंद करून ठेवला होता. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात हुद्दा. तिसऱ्यात प्रश्न होता, अर्जदार सध्या शांत आहे काय? होय किंवा नाही. मी नाहीवर खूण केली. इतके दिवस ती खूण मला कोणी करूच दिली नव्हती.

शेवटचा रकाना घरातल्या एका व्यक्तीच्या अभिप्रायाचा होता. आई म्हणाल्या, मी सांगते, तू लिही. त्यांचा आवाज एकदम वर्गातला झाला.

"माझी सून चिडकी आहे."

मी म्हटलं, हे लिहायलाच हवं का? जरा कडक म्हणू या.

"अभिप्राय कोणाचा आहे? चिडकी. माझ्यावर चोवीस वर्षं रोज चिडते. मीही चिडते. मी पडले ते तिला आठ दिवस कळलं नाही, कारण ह्या कार्यालयाने तिला शांत बसायला सांगितलं होतं. झालं लिहून?"

"हं."

"ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी तिने आधी माझी बोटं हलवून बघितली. मग हात बांधला. मग गाडी काढली. आणि हे सगळं झाल्यावर मग ती चिडली." खाली रस्त्यावर कोणीतरी भंगार मागत चाललं होतं, तो आवाज लांब जाईपर्यंत त्या थांबल्या. "हा क्रम नीट लिही. तोच महत्त्वाचा आहे."

मी क्रम नीट लिहिला.

"उद्या मला काही झालं आणि मी फोन लावला," आई म्हणाल्या, "तर तो हिनेच उचलावा. लिहिलंस?"

मी लिहिलं. मग पेन त्यांच्या डाव्या हातात दिलं, कागद त्यांच्या मांडीवर ठेवला, आणि सही पूर्ण होईपर्यंत दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.